इन्स्पेक्टरची अकरा अंडी

आमच्या मागच्या गल्लीत भुवनेश्वरीअम्मा राहतात. साठी ओलांडलेली, उंची बेताची, डावा पाय किंचित ओढत चालतात. आवाज मात्र असा, की अरसलार नदीच्या पलीकडच्या काठावरचा माणूसही वळून बघेल. एकतीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करायची, भात-सांबार शिजवायचं, अंड्यांचा वार असेल तेव्हा अंडी उकडून, सोलून प्रत्येकाच्या ताटलीत ठेवायची. "एवढी अंडी उकडलीत मी, की वर गेल्यावर दारात कोंबड्याच उभ्या असतील मला जाब विचारायला," असं त्या म्हणतात आणि स्वतःच आधी हसतात.

नवरा गेल्यावर मुलाने तिरुप्पूरला बोलावलं, तर त्या गेल्या नाहीत. फ्लॅटमध्ये कोंबड्या कुठे ठेवणार, हे त्यांनी दिलेलं कारण, आणि ते खरंच होतं. लग्न होऊन इन्नंबूरहून इथे आल्या तेव्हा त्यांच्या आईने बरोबर दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, दिल्या होत्या. पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं त्यांच्या परसात जी कोंबडी नांदली ती त्या दोघींच्याच पोटची. काळी, मानेवर तांबूस झाक, अंगाने लहान पण पिल्लांसाठी घारीवर उडी घेणारी.

गेल्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली. दहा दिवसांत सतरा कोंबड्या गेल्या. लस कधी दिलेली नव्हती. घरच्या कोंबडीला कसली लस, हे त्यांचं जन्मभराचं मत. इन्नंबूरला भावाकडे या वंशातला एक कोंबडा तेवढा शिल्लक होता, तो त्यांनी मागून आणला. महिन्याभरात त्यालाही कुत्र्याने नेलं. मागे राहिली एक कोंबडी आणि तिची अकरा अंडी.

"ही निघाली तर निघाली," त्या मला म्हणाल्या होत्या. "नाही तर माझ्या आईची कोंबडी संपली."

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्या मुलीने केलं, आणि तिला ते करायला मीच शिकवलं होतं.

मी आडुतुरैला एका बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये आहे. नवरा, श्रीवत्स, कामानिमित्त आठवड्यातले पाच दिवस त्रिचीत असतो. घरी सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे साडेपाच वर्षांच्या मुलीमागे धावत नाहीत. म्हणून गेल्या जूनपासून लक्ष्मीप्रिया शाळेतून आली की तीन ते साडेपाच भुवनेश्वरीअम्मांकडे असते. त्यांच्याकडे आणखी दोन-तीन मुलं येतात. सगळी त्यांना पाटी म्हणतात, म्हणजे आजी.

तिथे कोंबडी आहे हे कळल्यावर मी तीन रात्री नीट झोपले नव्हते. आमच्या घरात अंडं येत नाही. माझी भीती मात्र सोवळ्याची नव्हती. पक्ष्यांचा ताप, विष्ठेतले जंतू, डोळ्यावर मारलेली चोच, हे सगळं मी वाचून काढलं होतं. प्रियाच्या पिशवीला मी लिंबाच्या वासाच्या साबणाची छोटी बाटली बांधून दिली. "काही धरलंस की आधी धुवायचं," हे मी तिला इतक्यांदा सांगितलं असेल, की एकदा झोपेतही ती "धुतले" म्हणाली.

पाटींकडे मुलांना वेगळं असं काही शिकवत नाहीत. कामं असतात. पाण्याचं वाडगं घासून भरायचं, कण्या टाकायच्या, कावळा आला की हाकलायचा, सांजेला कोंबडीवर डालगं पालथं घालायचं. पण धावत गेलं की कोंबडी पळते, आणि पळालेली कोंबडी पाऊण तास हाताला लागत नाही. त्यामुळे शाळेत बाकावरून बाकावर उड्या मारणारा सहा वर्षांचा सूर्या त्या परसात मांजरासारखा पाऊल टाकायला शिकला. प्रिया वास घ्यायला शिकली. एके दिवशी घरी येऊन मला म्हणाली, "आज तिची शी पातळ होती. पाटी म्हणाल्या, पपईची बी जास्त खाल्ली." मी जेवत होते. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

कोंबडीचं नाव इन्स्पेक्टर हे मुलांनीच ठेवलं. परसात कुणीही नवं आलं, की ती आधी त्याच्या पायांभोवती फिरून बोटं तपासते.

इन्स्पेक्टर खुडूक झाली, उबवायला बसू लागली, तेव्हा पाटींनी टोपलीत वाळू, वर भाताचं तूस आणि पेंढा घातला, कडेला एक लोखंडी खिळा आणि दोन सुक्या मिरच्या खोचल्या. "मेघ गडगडला तर अंडी दचकतात," एवढंच कारण त्यांनी दिलं. प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढली आणि अंडी कोंबडीखाली सरकवली. दिवसातून एकदा तिला उठवून दाणापाणी द्यायचं, आणि ती खाऊन येईपर्यंत मुलांनी टोपलीची राखण करायची.

दुसऱ्याच दिवशी सूर्या तापाने घरी होता, बाकीची मुलंही आली नव्हती. इन्स्पेक्टर कण्या खात होती आणि राखणीला प्रिया एकटी. तेवढ्यात पुढच्या दारी गॅसचा सिलिंडर आला, म्हणून पाटी बाहेर गेल्या.

रात्री जेवताना प्रिया म्हणाली, "आज मी एक मोठं काम केलं. इन्स्पेक्टरच्या अकराही बाळांना आंघोळ घातली."

"धुवोन ठेवलीस?" सासूबाई खूश झाल्या. आम्ही कित्येक पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, आणि सासूबाईंचं मराठी अजून त्यांच्या पणजीचं आहे. "शहाणी गं माझी. तिथे कोण करतंय इतकं."

"साबणाने," प्रिया म्हणाली. "आईच्या लॅबमध्ये बिया धुतात ना, तशी. नाही तर बुरशी येते."

माझा घास तिथेच राहिला. त्याच महिन्यात एका शनिवारी मी तिला लॅब दाखवायला नेलं होतं. उगवण तपासायच्या आधी बी औषधाच्या पाण्यातून कसं काढतो, मग ओल्या कागदात कसं गुंडाळतो, हे मी तिला हातात हात धरून दाखवलं होतं. आधी स्वच्छ करायचं, मग उगवतं, असं सांगितलं होतं.

ताट तसंच ठेवून मी फोनवर शोधलं. अंड्याच्या कवचावर एक अतिशय पातळ लेप असतो. कवचाला असंख्य बारीक छिद्रं असतात आणि तो लेप ती झाकतो, जंतू आत जाऊ देत नाही. पाण्याने आणि साबणाने तो निघून जातो. त्यातून गार पाण्याने धुतलं तर अंडं आतून आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढून घेतं. पाटींच्या परसातला नळ बोअरचा आहे, पाणी गार.

मी प्रियाला काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, प्रिया शाळेत असताना पाटींकडे गेले, आणि दारातच सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, ती लहान आहे, तुम्ही म्हणाल ते मी करते, असं बरंच काही एका दमात बोलले.

त्या वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला हवं? कोळशाच्या रेघा गेल्यात. टोपलीला लिंबाच्या सोड्याचा वास येतोय. इन्स्पेक्टरसुद्धा काल बसायच्या आधी तीनदा शिंकली."

"मग तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू? जिने केलं ती बोलेल ना."

"ती साडेपाच वर्षांची आहे, अम्मा."

"आणि इन्स्पेक्टर अडीच वर्षांची आहे. बसली आहे ना गुमान?" आता त्यांनी मान वर केली. "ऑफिसरम्मा, एक विचारू? तू इथे आलीस, तिच्या वाटचं सगळं बोलून मोकळी झालीस. आता ती पोर काय बोलणार?"

मी खाली बसले आणि वालाची एक शेंग सोलायला घेतली.

"वाचतील का अंडी?" मी विचारलं.

"काही वाचतील, काही नाही. किती, ते सातव्या दिवशी उजेडात धरून बघू. एक सांगते. मी तिला खोटं सांगणार नाही. गेली तर गेली म्हणून सांगेन. अंगणवाडीत कुणाच्या हातून ताटली सांडली, तर मी त्याला कधी 'काही नाही झालं' म्हटलं नाही. भात जमिनीवर दिसत असतो. काही नाही झालं म्हटलं, की मूल म्हणतं, या बाईला दिसतही नाही. फडकं दिलं हातात की रडणं थांबतं."

घरी येऊन मी ठरवलं, की प्रियाला तिकडे पाठवायचंच नाही. अंडी निघाली की मग बघू. नाही निघाली तर तिला कळायचं कारणच नाही. श्रीवत्सला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पाटी काय तिला फाशी देणार आहेत?" मी फोन ठेवून दिला. त्याला तिथे बसून म्हणायला सोपं आहे.

पहिल्या दिवशी मी तिला खोकल्याचं कारण सांगितलं. तिला खोकला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती चपला घालून दारात उभी राहिली. "इन्स्पेक्टरला उठवणार कोण? सूर्या घट्ट धरतो. तिला आवडत नाही."

"पाटी उठवतील."

"पाटींना वाकता येत नाही. पाय दुखतो. ते माझं काम आहे."

माझं काम आहे, हे ती या घरात कधी कशाबद्दल म्हणाली नव्हती. तिचा चहाचा पेलासुद्धा मी धुते. मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. लेपाचं, छिद्रांचं, गार पाण्याचं. मी तिला बियांचं सांगितलं होतं ते बियांसाठी खरं होतं, अंड्यांसाठी नाही, आणि हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

तिने बराच वेळ माझ्या बांगडीशी चाळा केला. मग विचारलं, "तो वरचा लेप परत लावता येत नाही?"

"नाही."

"खोबरेल तेल लावलं तर?"

"नाही गं."

"किती मरतील?"

"मला माहीत नाही."

तिने रडायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून म्हणाली, "पण आज पाणी तर द्यायलाच हवं ना." मी तिला घेऊन गेले. दारापाशी मी बोलायला तोंड उघडलं, तोच पाटींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मिटून घेतलं.

"पाटी, अंडी मी धुतली. साबणाने. आता त्यातली मरणार आहेत."

"हं," पाटी म्हणाल्या. "का धुतलीस?"

"चांगली उगवावीत म्हणून."

"कोंबडीला विचारलंस?"

"नाही."

"पुढच्या वेळी विचार. मला विचार, नाही तर तिला विचार. तिने चोच मारली तर उत्तर नाही असं समज." आणि वाडगं तिच्या हातात दिलं. "हे काल सूर्याने घासलंय. शेवाळ तसंच आहे."

"मी घासलं होतं!" सूर्या पेरूच्या झाडामागून ओरडला.

"हो रे राजा, बाहेरून घासलंस. पाणी काय कोंबडी बाहेरून पिते?"

सातव्या दिवशी शनिवार होता, म्हणून मीही गेले. भात ठेवायच्या खोलीचं दार लावून घेतलं. पाटींनी कॅलेंडरच्या जाड कागदाची नळी केली, खालून मोबाइलचा टॉर्च लावला आणि वर एकेक अंडं ठेवलं. पहिल्या अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, आणि मधे एक ठिपका जो हलत होता. मी लॅबमध्ये हजारो अंकुर मोजलेत, तरी मी सूर्याच्या खांद्याला धरलं.

"आंटी, दुखतंय," तो म्हणाला.

दुसऱ्यातही शिरा होत्या. तिसरं कोरं, पिवळट, आत काहीच नाही. चौथ्यात एक तांबडं वलय होतं, म्हणजे सुरू होऊन थांबलं होतं. पाटी प्रत्येक वेळी प्रियाला विचारत, "आहे की गेलं?" आणि प्रियाला बघून सांगावं लागे. ती सांगत होती. "आहे." "गेलं." आवाज बारीक होत गेला, पण तिने एकही चुकवलं नाही. अकरापैकी चार गेली होती.

"नेहमी किती जातात?" मी हळूच विचारलं.

"एखादं. फार तर दोन," पाटी म्हणाल्या. मुलांसमोरच म्हणाल्या.

चार अंडी प्रियाने केळीच्या बुंध्याशी पुरली. खड्डा सूर्याने खणला. त्याला टिंगल करायची होती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण शेवटी तो एवढंच म्हणाला, "केळं मोठं येईल बघ." उरलेल्या सातांवर तिनेच नव्या रेघा ओढल्या.

पुढचे चौदा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाई, ज्यांनी जन्मात अंड्याला बोट लावलं नाही, त्याही सकाळी पूजा आटोपली की विचारायच्या, "आजि कितवा दिवस?" मीही बदलले असं नाही. मी रोज तिचे तळवे उलटेपालटे करून बघायचे, नखं बघायचे. पण साडेपाचला घ्यायला गेले की लगेच हाक मारत नसे. कुंपणाशी उभी राहून बघायचे. प्रिया दोन्ही हात इन्स्पेक्टरच्या पंखांवरून आत घालून तिला अलगद उचलायची, आणि उचलायच्या आधी तिच्याशी काही तरी बोलायची. काय ते मला ऐकू आलं नाही.

एकविसाव्या दिवशी दोन पिल्लं निघाली, बाविसाव्या दिवशी आणखी दोन. उरलेली तीन चोविसाव्या दिवसापर्यंत ठेवली आणि मग पाटींनी ती कानाशी हलवून बघून बाजूला काढली. प्रियाने तीही पुरली. त्या वेळी ती रडली नाही. मला ते बरं वाटलं नाही आणि बरंही वाटलं.

चार पिल्लं. काळी, मानेवर अजून नुसती धुरकट छटा. पाटी ओट्यावर बसून नुसत्या बघत होत्या. मी विचारलं, "चार पुरतील?"

"चारांत एक पोरगी हवी," त्या म्हणाल्या. "नर कुठूनही आणता येईल. पोरगी हवी. आणि ती साथीतून तगायला हवी."

तेव्हा मी म्हटलं, "लस देऊ या."

"सुई?"

"सुई नाही. सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. मी आणते पशुवैद्यकीय दवाखान्यातून, बर्फात घालून. थंड राहिली नाही तर ती कामाची राहत नाही. ते माझ्यावर सोडा. थंड ठेवणं मला येतं."

त्यांनी ओट्यावर सांडलेल्या कण्या हाताने गोळा केल्या. मला वाटलं, घरच्या कोंबडीला कसली लस, हे येणार. मग म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात त्या दवाखान्यातली पोर दारात येऊन गेली होती. मी तिला ताक पाजून परत पाठवली." आणि पिल्लांकडे बघत, "सतरा होत्या गं."

मी काही नाही झालं असं म्हटलं नाही.

लसीची बाटली शंभर थेंबांची येते. फोडली की दोन तासांत संपवावी लागते. चार पिल्लांसाठी शंभर थेंब म्हटल्यावर पाटी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक दिली. ज्या ज्या घरी कोंबडी आहे त्यांनी रविवारी नऊ वाजता घेऊन यायचं. आदल्या संध्याकाळी बाटली आमच्या फ्रिजमध्ये ठेवायची होती. मी सासूबाईंना विचारलं. त्या विचार करून म्हणाल्या, "औषधच ना? ठेव. दह्याच्या खणात बरीक नको."

रविवारी थर्मासमध्ये बर्फ घालून मी बाटली घेऊन गेले. परसात काखेत कोंबड्या धरलेल्या बायका, डालगी, पोरं, एका आजोबांच्या पिशवीतून बाहेर आलेली एक मान. मी बाटलीत लसीबरोबर आलेलं पाणी मिसळलं, ड्रॉपर भरला. पहिलं पिल्लू प्रिया धरेल असं मला वाटलं होतं. पाटींनी ते उचलून माझ्याच तळव्यावर ठेवलं.

मी आजवर कोंबडीला हात लावला नव्हता. ते इतकं हलकं होतं, की हातात काही आहे की नाही तेच कळेना, आणि इतकं गरम की मी दचकले.

"आंटी पिल्लाला घाबरली," सूर्याने सगळ्या परसाला सांगितलं.

"तू गप," प्रिया म्हणाली. मग माझ्या कोपराशी येऊन, अगदी हळू, "आई, घट्ट नको. पण सैलही नको. अंगठा मानेमागे ठेव. आणि आधी तू श्वास सोड."

मी श्वास सोडला. पिल्लाने डोळा मिटला, उघडला. मी थेंब सोडला. त्याने दोनदा पापण्या मिचकावल्या, आणि थेंब आत गेला.

"झालं?" पाटींनी विचारलं.

"झालं."

चौघांचं झाल्यावर त्यांनी पिल्लं ओट्याखाली बसलेल्या इन्स्पेक्टरखाली सोडली आणि रांगेतल्या पहिल्या बाईला पुढे बोलावलं. "पुढचा थेंब कधी?" त्यांनी मला विचारलं.

"अठ्ठाविसाव्या दिवशी."

"तोवर तुरे दिसायला लागतील." त्यांनी प्रियाकडे वळून म्हटलं, "तेव्हा तू मला सांगायचं. चारांत पोरी किती."

प्रिया आतापासूनच ओट्याखाली वाकून बघत होती.